गेल्या दोन आठवड्यांत

गेल्या दोन आठवड्यांत
कशातही रस न वाटणे
असं किती दिवस झालं?
मी टॅबवर बघून वाचलं.

तिघा तज्ज्ञांनी मराठीत आणलेला प्रश्न,
दुसऱ्या तिघांनी उलटा नेऊन तपासलेला.
'गोडी' नको, 'आवड' नको, 'रस'च ठेवा,
यावर सेनापती बापट रोडच्या ऑफिसात
दोन दिवस चहा झालेला.

सुलन थिटे म्हणाली,
रसाचं मशीन तर दिवाळीतच विकलं की.
हे गेल्यावर चरक फिरवणार कोण?
घुंगरं तेवढी काढून घेतली.
दाराच्या कडीला बांधलेली तिनं दाखवली.

मला शून्य, एक, दोन, तीन
यातलं काहीतरी हवं होतं.

झोप?
पाणी पहाटे चारला येतं, बाई.
मग झोप मोडली ती कुणाच्या नावावर लिहायची,
महापालिकेच्या का माझ्या?
तसा पर्याय नव्हता.
मी तीन लिहिले.

नवव्या प्रश्नाशी माझा आवाज खाली येतो.
प्रशिक्षणात सांगतात, सरळ विचारा,
विचारल्यानं विचार पेरला जात नाही.
मी सरळ विचारलं.
सून उंबऱ्यात मेथी निवडत होती.
तिची बोटं थांबली.
सुलन म्हणाली, नाही हो, तसलं काही नाही.
बोटं पुन्हा चालू झाली.
शून्य.

एकूण सतरा.

मग हिरवं बटण दाबायचं.
कोण कुठल्या गटात ते यंत्र ठरवतं,
मी नाही, किणीकर सर नाहीत.
एका गटाला सहा भेटी:
वस्तीतलीच शिकवून तयार केलेली कुणी ताई
येते, बसते, ऐकून घेते.
दुसऱ्या गटाला 'नेहमीचे उपचार'.

सुलनच्या वाट्याला नेहमीचे आले.
नेहमीचे म्हणजे आजवर होत होते ते.
मेडिकलवाल्यानं सुटी दिलेली गोळी,
शेजारणीनं आणलेला अंगारा,
आणि आता माझ्या हातची चिठ्ठी,
तिच्यावर एक नंबर,
जो कुणी उचलत नाही.

पर्वतीचा उतार उतरताना
मी स्वतःला समजावलं, की असंच करावं लागतं,
नाहीतर कळणार कसं, कशानं बरं वाटतं.
हे खरंच आहे.
अजूनही खरंच आहे.

गुरुवारी पाणी बंद असतं.
धुणं नाही, भांडी साठलेली,
जनता वसाहतीत बायका जरा टेकतात.
मी गेले. कडी वाजली, घुंगरं वाजली.
ऐकायला बसले असंही म्हणता येणार नाही,
तिनं वाल सोलायला दिले.
मशीन घेणारा रांजणगावचा होता,
त्यानं चरकाला तेल घातलं नाही तर,
ही काळजी तिला.
पुढच्या गुरुवारी पावटा.
एकदा म्हणाली, तुझा टॅब आण,
तुझं पण भरून टाकू.
मी हसले. आणला नाही.

तीन महिन्यांनी नोंद घ्यायला दुसरी मुलगी गेली,
कोण कुठल्या गटात हे तिला ठाऊक नसतं.
सतराचे अकरा झाले.
नववा मात्र
शून्यावरून एक.

सर म्हणाले, बाकी सगळं सुधारलं,
आणि नेमकं हेच कसं बिघडलं?
सून त्या दिवशी माहेरी होती, एवढंच मी बोलले.
एक म्हटल्यावर यंत्रणा हलली,
वरूनच फोन गेला, तो उचलला गेला,
सोमवारची तारीख मिळाली, रिक्षाचे पैसेसुद्धा.
जे शून्याला मिळालं नव्हतं.

अकरा गुरुवार मी तिथं बसले.
मला नाही सांगितलं तिनं.
सांगितलं एका अनोळखी मुलीला,
जिनं छापलेला प्रश्न
छापल्यासारखा वाचला.

'शेरा' या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
माझे गुरुवार त्यात लिहायला हवे होते.
लिहिले तर तिची नोंद बाद,
कदाचित माझी नोकरीही.
चौकट रिकामी आहे अजून.

उद्या गुरुवार.
आज बादल्या भरून ठेवायच्यात.