कुटार

तिवईवर उभं राहून तूर उपणताना
चिंधूमामा वारा बघायचा नाही,
कुटार बघायचा.
"औंदा बोरीपल्ल्याड गेलं पोरी,
मांगल्या साली धुऱ्यावरच पडे."

मी शुक्राच्या ढगांतले काळपट डाग मोजते,
फोटोमागून फोटो. तेही कुटारच.
खाली जमीन रखडत फिरते,
वर ढग चार दिवसांत गिरकी मारून परत.
मधली काही वर्षं वेग वाढतच गेला.
का,
ते माझ्या वहीत रिकामं आहे.

संक्रांतीला, घाटंजीच्या पुढं, गावात,
थ्रेशर थांबल्यावर मामाला सगळं सांगितलं.
तिवईवर कोंबड्या बसल्या होत्या.
चांदणीकडे तो बराच वेळ बघत राहिला.
"अन् दाना," म्हणाला,
"दाना कुठी पडते तिथं?"