पिजो, मॉडेल त्र्याहत्तर

उदयनचा नाकुरूहून लखोटा आलाय.
आत चॅसिस नंबरचा छाप,
पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासलेली,
आणि दोन ओळी:
मी हे गाव सोडतोय. बाबांची गाडी
तू नेतेस, की काढू भंगारात?

चौतीस वर्षं मी वडोदऱ्याच्या आरटीओत काढली.
असे छाप किती आले टेबलावर.
तीनचा आठ केलेला असला
तर उजेडात न धरताही कळायचा.
हा खरा आहे.
शेवटचा सात जरा झुकलाय,
जेवून उठलेल्या माणसासारखा.

श्रीरंगने वहीत हिशेब मांडला.
बोटीचं भाडं, मोम्बासा ते मुंद्रा.
ड्यूटी. ड्यूटीवरची ड्यूटी.
बंदरावर पडून राहिली तर दिवसाचे वेगळे.
बेरजेखाली त्याने दोन रेघा मारल्या,
म्हणाला, एवढ्यात तुझे दोन्ही गुडघे नवे येतील,
आणि तेही इथल्या इथे.

मुंद्र्याचा एजंट परमार म्हणतो,
पन्नाशी ओलांडलेली असेल तर वाट निघते,
अलीकडची असेल तर कठीण.
म्हणजे नवी चालते, पुराणी चालते,
नुसती जुनी चालत नाही.
रिटायर झाल्यापासून मलाही असंच काहीसं वाटतंय.

तरी गेले वारसियात, इक्बालभाईंच्या गॅरेजला.
उदयनला फोनवर बॉनेट उघडायला लावलं.
इक्बालभाईंनी चित्राकडे पाहिलंच नाही,
फोन कानाला लावला.
शेजारी ग्राइंडर चालू होता,
पोराला हातानेच थांबवलं.
तिकडे इंजिन दोनदा खोकलं, मग लागलं.
बराच वेळ ऐकून म्हणाले,
बेन, घरडुं छे, पण जूठुं नथी बोलतुं.
क्लच तेवढा गेलाय.

काकांना मी तीनदाच पाहिलं आयुष्यात,
गाडीला फक्त फोटोत.
खिडकीबाहेर काकांचं कोपर, मागे लाल धूळ,
टपावर दुधाचे कॅन.
कॅन कुणाचे, ते विचारायचं राहून गेलं होतं.

परवा विचारलं.
डेअरीचे, उदयन म्हणाला, अजून तीच नेते.
किपरोनो चालवतो, बाबांचा ड्रायव्हर,
येताना शाळेची पोरं भरून आणतो.
तो तिला म्झे म्हणतो, आपल्यात आजोबा म्हणतात तसं.

मग भंगार कसलं काढतोस?
अगं, कागद बाबांच्या नावावर. ते कोण निस्तरणार?

कागद.
मला सांगतोय.

आमचे खापरपणजोबा साताऱ्याकडून इकडे आले
ते कुणाच्यातरी पागेत, वापरलेल्या घोड्यासकट.
बंदर लागलं नाही, ड्यूटी लागली नाही.
दांडिया बाजारात राहून राहून
आमची मराठी आता गुजराती पार्टांवर चालते,
भाजीवाल्याशी भांडताना तर पूर्णच.
आम्हाला परत न्यावं
असं साताऱ्यात कुणाच्या मनात आलेलं नाही.
आलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं.

रात्री उदयनला लिहिलं:
काकांचा मृत्यूदाखला, गाडीचं मूळ पुस्तक,
तू एकटाच वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र.
तिथले फॉर्म मला माहीत नाहीत,
पण खिडकी असेल,
खिडकीमागे चष्मा लावलेली कुणीतरी असेल.
ती पहिल्यांदा परत पाठवेल. दुसऱ्यांदा जा.
तिसऱ्यांदा जेवायच्या सुट्टीआधी जा.
गाडी किपरोनोच्या नावावर झाल्याशिवाय
तू विमानात बसायचं नाहीस.
क्लचचे पैसे पाठवतेय. पावती घे.

श्रीरंगने वाचलं आणि विचारलं,
म्हणजे नाही आणायची?
मी म्हटलं, आणून लावणार कुठे.

छाप घडी घालून लखोट्यात ठेवला.
पेन्सिलीचं काळं अंगठ्याला लागलं होतं,
सकाळी मेथी निवडेपर्यंत
तसंच होतं.