खटका

दुकान मिटायच्या वेळेला कासिल्दा आली,
लसणाच्या रानातून थेट, बुटांना तांबडी माती.
काउंटरवर डावी तर्जनी टेकवली. तीन टाके.
"एउलोखिओ, हा बघ सुरीनं घेतलेला घास."

सुरी माझ्या दुकानातली नव्हती. तरी ओशाळलो.
अल्बासेतेत कुणाचंही बोट कापलं
की सगळे आमच्याच गल्लीकडे बघतात.

उघडून दिव्याखाली धरली. आत पोलादाची पातळ पट्टी,
पातं उघडलं की सरकून त्याच्या टाचेमागे उभी राहणारी.
उभी राहायची, पण उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखी,
बसू की निघू अशा बेतात.
खाचेत लसणाची सालं, टाच झिजून गुळगुळीत,
शिवाय बेतलेली उजव्या हातासाठी.
कासिल्दा डावखुरी. सुतळी कापताना मूठ आवळली
की तिचीच बोटं पट्टीला म्हणायची, सरक.

मग मी खण ओढला.

हिचा खटका पाठीवर. जाड कमान, खाचेत रुतते,
मागून दाबल्याशिवाय सुटायची नाही.
मजबूत. पण मिटायला दोन्ही हात लागतात,
आणि तुझा एक हात तर कायम लसणाच्या जुडीत.

हिला गळ्यात कडं, नळासारखं पिळायचं.
साधं, स्वस्त, बिघडायला आत काही नाही.
फक्त पिळायला विसरायचं नाही.
"मी विसरेन," ती म्हणाली. बरं झालं, स्वतःच म्हणाली.

हिच्यात आडवी कांडी, दोन केसाएवढ्या स्प्रिंगांवर.
डावा काय, उजवा काय, तिला सारखेच.
स्प्रिंग तुटते कधी कधी. तुटली की ये.

तिनं एकेक उघडली, पात्याची पाठ
लाकडाच्या कडेवर ठोकली. बोटं वाटेतून बाजूला ठेवून, शहाणी.
तिची जुनी दुसऱ्या ठोक्याला मिटली, मुकाट,
खोटं बोलताना पकडलेल्या पोरासारखी.
बाकीच्या टिकल्या.
मी तरी बजावलं: ठोकून टिकली म्हणून विसंबू नकोस.
खटका चुकला तर बोट कुठे असेल,
एवढं आधी ठरवायचं, मग कापायचं.

"तुझ्या खिशात कुठली आहे?"

काढून दाखवली. खटकाच नाही.
नुसती कमान, पात्याला थोडा ताण देणारी,
अर्ध्या वाटेवर एकदा थांबते, विचारल्यासारखी.
त्रेचाळीस वर्षं. अंगठ्याच्या पेरावर चंद्रकोर आहे,
ती पहिल्या आठवड्यातली. नंतर दुसरी नाही.
"म्हणजे खटक्याचं काम तूच करतोस," ती म्हणाली.
यावर मला काही सुचलं नाही.

कांडीवाली घेतली. पैसे मोजले. दारापर्यंत गेली, परतली.
"ती मागची काय? कडी लावलेली?"

ती आमच्या आजोबांच्या काळातली जात.
पात्याच्या बुडाला दाते,
उघडताना एकेक दाता बोलतो,
कर्र, कर्र, कर्र, सात वेळा,
आणि कडी ओढल्याशिवाय मिटत नाही.
रोजच्या कामाला अवजड. खिसा फाटतो.
पर्यटक नेतात, भिंतीवर लावतात.

"दे तीही."
कशाला, विचारलं.
तिनं टाक्यांवरून अंगठा फिरवला.
"फ्रुक्तुओसोला, माझ्या सासऱ्यांना, आता नीटसं दिसत नाही.
रात्री चीज कापून खायची सवय मात्र सुटत नाही.
सुरी उघडी आहे की मिटलेली, ते चाचपून बघतात.
मला पलीकडच्या खोलीतून
सात मोजता आले तर झोप लागेल."

मी दाते पुसले, तेलाचा एक थेंब सोडला.
मग कापडानं तोही टिपून घेतला.
आवाज कमी झाला असता.

ती गेल्यावर शटर ओढलं.
त्याचा खटका अकरा वर्षं नीट लागत नाही.
गुडघ्यानं ढकलतो मी, तिसऱ्या खेपेला लागतो.
गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.