डावखुरा

हेरफर्डशायरातलं खेडं, चाळीसेक उंबरे.
चर्चची किल्ली मिसेस टॅपस्कॉटकडे असते,
अंड्यांच्या टोपलीत, अंड्यांखाली.
"गळतं का बघा," म्हणाल्या, "रविवारी बाळ आहे.
अकरा वर्षांत पहिलंच."

दारातून शिरताच डाव्या हाताला
उखळासारखं बसलेलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड.
आठशे वर्षांचं, असं फलक सांगतो.
त्यातली शंभरेक कुणाच्या तरी गोठ्यात गेली;
काठ एका अंगाला जिभांनी गुळगुळीत झालाय.
दुसऱ्या अंगाला लोखंडी कडीचं तुटकं मूळ:
मंतरलेलं पाणी चोरीला जायचं म्हणे, म्हणून कुलूप.
पाण्याला कुलूप मी आधीही पाहिलंय,
वेगळ्या कारणानं.
असो.

अंगावर सिंह आहे.
ज्यानं कोरला त्यानं सिंह पाहिला नव्हता,
धन्याचं कुत्रं पाहिलं होतं, आणि बैलाचं शेपूट.
मग वेल, वेलीत गुरफटलेले दोन पक्षी,
मग हात वर केलेला माणूस,
चेहऱ्याच्या जागी नुसता गोटा.

टॉर्च आडवी धरली.
घाव सगळे उलट्या अंगानं उतरलेले.

माझे वडील पाटे टाकवत, दारोदार.
त्यांचेही घाव असेच पडायचे.
बायका म्हणत, ह्याच्या पाट्यावर वाटण उतरत नाही.
उतरायचं.
टाकीचे घाव सोसले की देवपण येतं
असं सांगणारा कधी दगड नसतो,
आणि टाकी धरणाराही नसतो.

"चेहरा शिपायांनी फोडला, यादवीत," मिसेस टॅपस्कॉट म्हणाल्या.
नाही, म्हटलं, फोडलेल्या दगडाला कड असते.
इथे हात थांबलाय.
मजुरी थकली असेल. ताप आला असेल.
त्या जरा वेळ गप्प. मग,
"म्हणजे पावणेचारशे वर्षं आम्ही उगाच शिव्या देतोय."

दोन बादल्या ओतल्या.
पाणी आधी विचारात पडल्यासारखं थांबलं,
मग तळाच्या केसाएवढ्या चिरेतून
सिंहाच्या पंजाशी ओल होऊन आलं.
"होईल रविवारपर्यंत?"
चुन्याला घाई कळत नाही, पण धरेल.
बाळाचं नाव काय?
"इझोल्ट. की तसलंच काहीतरी."

त्या अंडी घेऊन गेल्या.
मी चुना मळला,
थापी डाव्या हातात घेऊन पाहिली.

जमत नाही मला.