पाचशे बारा

दारावरची पाटी म्हणते: हाउस्ली बंधू, नादकाटे, शेफिल्ड.
त्यातले बंधू म्हणजे आमचे आजोबा आणि त्यांचा थोरला,
ज्यांचं आपसात चौदा वर्षं बोलणं नव्हतं.
भट्टी एक, दारं दोन.
हिशेबाची वही खिडकीत ठेवायची आणि खोकायचं.

विल्फ्रेड आणि मी बोलतो.
म्हणजे मी बोलतो, तो माझे ओठ बघतो
आणि तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.
चाळीस वर्षं तो घणाच्या बाजूला बसला,
मी खिडकीच्या, कारण लहानपणी माझी छाती नाजूक होती.
एवढंच. अशाच होतात घरातल्या वाटण्या.

टोकं घासली की स्वर चढतो,
बेचक्यात घासलं की उतरतो,
आणि काटा हातात फार वेळ राहिला
तर उबेनं जरा खाली बोलतो.
म्हणून ठेवून द्यायचा. चहा घ्यायचा. मग ऐकायचं.
हे मला त्यानंच शिकवलं.

आता तो काटा गुडघ्यावर आपटून जबड्याला लावतो,
डोळे मिटतो, दोन बोटं वर करतो:
अजून दोन हात कानस.
हिरव्या आकड्यांचं यंत्र आणलंय आम्ही.
बहुतेक वेळा यंत्राचं त्याच्याशी पटतं.

मंगळवारी त्याला टेकडीवरच्या इस्पितळात नेला.
डॉक्टरबाई तरुण. खिशातून काटा काढला,
कोपरावर आपटून त्याच्या कानाशी धरला.
ऐकू येतंय?
विल्फ्रेड गप्प.
आणि या कानाला?
गप्प.
दोघांच्या टोप्या मांडीवर घेऊन
मी भिंतीशी बसलो होतो, आणि ऐकत होतो.

मग त्यांनी दांडा कानामागच्या हाडावर टेकवला
आणि तो हसला.
'आमचाच!' गरजेपेक्षा मोठ्यांदा.
'दांड्यावर बारकी घंटा असेल, बघा.
नेव्हिलनं घासलाय. डावीकडे जास्त.
सांगून सांगून थकलो.'

बाईंनी काटा उलटा केला.
घंटा होती.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, बराच वेळ.

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम त्याच्या मागच्या सीटवर बसलो.
माझ्या कोटात बिल्डरचं पत्र, आठ दिवसांचं,
आमच्या गळक्या छताला ज्यात देखणं म्हटलंय
आणि त्याखाली सदनिका काढल्यात, बावीस.
त्याच्या मानेला मी ते सगळं सांगितलं,
हळू, आकड्यासकट.
मान हलली नाही.
बाहेर डॉन नदी, विटा, टायरचं दुकान.

उतरताना त्यानं टोपी मागितली.
'पत्राचं म्हणत होतास ना?
टपालाची पेटी रोज मीच उघडतो, नेव्हिल.
पाकीट पुन्हा चिकटवलं होतं. नीट जमलं नव्हतं.'

पुढे चालू लागला.
चढ होता, म्हणून मी काही विचारलं नाही;
आणि विचारलं असतं तरी
त्यासाठी आधी त्याच्यापुढे जाऊन
तोंड दाखवायला हवं होतं.