भाव पुसताना

ब्वेनोस आयरिस, बोएदो वस्ती, एकोणनव्वदचा जुलै.
मी बारा वर्षांची,
नेलिदाबाईंच्या दुकानात पिठाच्या पुड्या बांधायची.
दारातल्या फळ्यावर भाव दिवसातून तीनदा बदलायचे
आणि ते लिहायला होते प्रोफेसर बेरुत्ती,
पगार: शिळा पाव, अर्धा किलो येर्बा.

विद्यापीठाने त्यांचा विषय बंद केला होता.
विषय काय, तर पैशाबद्दल
माणसं आजवर काय काय समजत आली.
जुन्या चुका कशाला शिकवायच्या, डीन म्हणाले,
गणित आलं की झालं.

साताच्या पोटातून आडवी रेघ. अक्षर देखणं.
ओल्या फडक्याने साखरेचा भाव पुसायचे
आणि पुसता पुसता सांगायचे:
एके काळी श्रीमंती म्हणजे तिजोरीतलं सोनं-चांदी.
आमच्या उत्तरेच्या डोंगरातली चांदी
गलबतं भरभरून तिकडे गेली
आणि तिकडे पावच महागला.
मग कोणी म्हणालं, सगळं देते ती जमीन.
मग कोणी म्हणालं, जमीन नुसती पडून असते, देतो तो घाम.
मग कोणी...
एवढ्यात तेलाचा ट्रक यायचा, पळावं लागायचं.
एकोणिसावं शतक माझं अर्धंच राहिलं.

एका दुपारी पोर्फिरियाबाईंचा नंबर आला
तेव्हा मुठीतले पैसे सकाळच्या भावाचे होते.
घाऊकवाल्याचा पोरगा म्हणाला,
भाव म्हणजे हवामान, बाई. त्याला कोण काय करणार?
प्रोफेसरांचा हात फळ्यावरच थांबला.
"हवामान? अरे, तीनशे वर्षं भांडतोय आम्ही,
हा पाऊस आहे
की गच्चीवरून कोणी बादली ओततंय!"
नेलिदाबाई कडाडल्या: तीनशे वर्षांनी माझा ट्रक भरणार आहे?
त्यांनी निमूट नवा भाव लिहिला.
साताला रेघ नव्हती.
पोर्फिरियाबाईंना साखर मिळाली.
कुठल्या भावाने, ते वहीत नाही.

आता फळीफळीवर राखाडी काचेच्या चिमुकल्या पाट्या.
परवा तेलाला हात घालते तोवर आकडा बदलला.
आपोआप होतं, कामावरची पोरगी म्हणाली.
आपोआप!
ह्या शब्दाला प्रोफेसर खडू मोडायचे.
त्या फळ्यावर संध्याकाळी तिरपं ऊन आलं
की पुसलेले सगळे आकडे
एकाखाली एक दिसायचे.

मागे रांग खोळंबलेली.
मी भाव पुसते,
पाटीवरून बोट फिरवून बघते.
खडू लागत नाही.