तापलेली ओळ

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
मुटिसोचा फोन:
"नासिमियू, सगळं तुंबलंय."

किलिमानी, सातवा मजला, नैरोबीतली थंडी,
आणि आलेखावर मात्र सुकाळ.
प्रोसेसर अकरा टक्के, मेमरी निवांत,
केपटाउनच्या क्लाउडमध्ये बारा प्रती
हाताची घडी घालून उभ्या, लग्नातल्या दूरच्या पाहुण्यांसारख्या.
पैसे पाठवणारे तीन हजार जण
एका दारात.

"आठ यंत्रं वाढवू?"
वाढव की.
दार एकच असेल
तर अंगण कितीही मोठं करा.

मी शोधत गेले. इंडेक्स ठीक. क्वेरी साधी,
शाळकरी पोरानं लिहावी अशी:
जुनी शिल्लक घे, नवी रक्कम मिळव, ठेव.
पण आत गेलेला कडी लावून घेतो,
बाकीचे उंबऱ्याबाहेर.
नऊ सेकंदांनी कंटाळतात, पुन्हा बटण दाबतात,
म्हणजे तीच माणसं रांगेच्या टोकाला पुन्हा, दुपटीनं.
थेंबे थेंबे तळे साचे, मान्य,
पण सगळे थेंब सुईच्या एकाच नेढ्यातून यायचे असले तर?

चाळीस कोटी ओळींच्या तक्त्यात
एक ओळ तापली होती.
तिचं नाव: म्वालिमु बरासा, अंत्यविधी, वेबुये.

म्वालिमु म्हणजे मास्तर.
रकमा वीस शिलिंग, पन्नास, वीस, शंभर, दहा.
सोबतचा मजकूर वाचायचा नसतो, नियम आहे.
वाचला.
"१९९८, मागचा बाक."
"कंपासपेटी परत केली नव्हती, तिचे."
"सर, गणित सुटलं नाही. नर्स झाले."
"दवाखान्याचं बिल सकाळी आठच्या आत,
नाहीतर देह देत नाहीत. सगळ्यांना कळवा."

मी खुर्ची पुढे ओढली.

उपाय जुनाच.
एका ओळीच्या सोळा ओळी करायच्या,
सोळा दारं, सोळा कड्या,
येणारा पैसा सापडेल त्या दारानं आत जाऊ दे,
कुणी एकूण विचारलं की तेव्हा बेरीज.
चेबेतनं एल्डोरेटहून तपासलं,
मागे तिचं बाळ रडत होतं.
"शून्यापासून मोज. एक ओळ सुटतेय तुझी."
खरंच की. पंधराच धरत होते.
मास्तरांच्या खात्यात,
आणि बेरीज चुकलेली.

दोन चाळीसला सोडलं.
रांग आधी हळू उतरली, मग एकदम,
शाळा सुटल्यासारखी.

आता फक्त प्रती मागे होत्या, चार सेकंद.
मुटिसो म्हणाला, चालतं, शेवटी सगळ्या जुळतात.
जुळतात. पण वेबुयेत कुणीतरी
फोन हातात धरून शिल्लक विचारत असेल,
दर मिनिटाला, चष्मा नाकावर सरकवत,
आणि दर वेळी तिला दिसत असेल
चार सेकंदांपूर्वीचं जग.
चारच सेकंद.
तीन दिवसांपूर्वीचं
कुठल्याच प्रतीत नव्हतं.

आठला वीस मिनिटं असताना बिल फिटलं.
ते मला एका आकड्यावरून कळलं:
एवढी मोठी रक्कम त्या खात्यातून
एकदाच बाहेर पडली,
सोळाही ओळींतून थोडी थोडी,
आणि एका ओळीत तीन शिलिंग उरले.

मग माझ्या फोनवरून पन्नास पाठवले.
"कारण" अशी एक चौकट असते.
मी काही त्यांच्या वर्गात नव्हते.
बराच वेळ अंगठा तसाच.
शेवटी लिहिलं, "हातचा."
कुठल्या ओळीत पडले ते पाहता आलं असतं.
पाहिलं नाही.

मुटिसो दारातून विचारत होता,
ती आठ यंत्रं बंद करू ना आता?
भाडं चालू आहे.